अकरा हजार फॉलोअर आणि साठ डझन आंबे: देवगडच्या एका बागायतदार घराचं प्रकरण

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितोय. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आकडे त्यांच्या वहीतले, थोडे ढोबळ करून घेतलेले. घरातल्या तिघांना मी जसं हाक मारतो तसंच इथे लिहितो: काका म्हणजे बागेचे मालक, वय सत्तरीच्या आसपास, दादा त्यांचा मुलगा, वहिनी त्यांची सून. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्ही वहिनीच सांभाळतात. २०२३ च्या जूनपासून २०२४ चा हंगाम संपेपर्यंत मी त्यांच्यासोबत सोशल मीडिया आणि थेट विक्रीवर काम केलं.

पार्श्वभूमी

घरची चारशेच्या आसपास हापूसची कलमं. वर्षानुवर्षं माल वाशीला दलालाकडे जायचा, डागी आणि बारीक फळ कॅनिंगला. दलालाकडून हिशोबाची पट्टी आली की कळायचं, यंदा किती सुटले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात बाजाराची घडी विस्कटली. कोकणातल्या अनेक बागायतदारांप्रमाणे यांनीही थेट सोसायट्यांना माल द्यायला सुरुवात केली. पुण्यात काकांची बहीण राहते, तिच्या सोसायटीतून पहिली ऑर्डर आली, तिथून शेजारच्या दोन सोसायट्या. त्या एका हंगामात तीनशे डझन गेले. वहिनींनी प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव, फोन, पत्ता, किती डझन नेले आणि काय म्हणाले हे एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवलं. या सगळ्या प्रकरणात ती वही सर्वांत मोलाची ठरली. २०२३ पर्यंत तिच्यात ३१० नावं झाली होती.

इन्स्टाग्रामचं खातं २०२१ च्या अखेरीस काढलं. मोहोराचे फोटो, कैऱ्यांचे घोस, पेट्या भरतानाचे व्हिडिओ असं सगळं. २०२३ च्या मार्चपर्यंत १,९०० फॉलोअर झाले, त्यात नातेवाईक आणि ओळखीचे बरेच.

मग एप्रिलमध्ये दादांनी एक रील टाकली. नूतन झेल्याने, म्हणजे पाती आणि जाळी लावलेल्या बांबूने, आंबा उतरवतानाची, जेमतेम वीस सेकंदांची. झेल्याची पाती देठावर बसते, खटकन आवाज होतो, फळ जाळीत अलगद येतं, देठ शाबूत. संगीत नाही, फक्त तो आवाज आणि मागे कावळे. ती रील सहा लाख वेळा पाहिली गेली आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत फॉलोअर ११,००० झाले.

अडचण

हंगाम संपल्यावर वहिनींनी हिशोब मांडला. थेट विक्री ९०० डझनांची झाली होती. त्यातली इन्स्टाग्रामवरून पहिल्यांदा संपर्क झालेली गिऱ्हाईकं मोजली तर साठ डझन. त्याहून त्यांना लागलेली गोष्ट वेगळीच होती: वहीतल्या ३१० जुन्या गिऱ्हाईकांपैकी फक्त १२० जणांनी त्या वर्षी आंबे घेतले होते. रोज रात्री अकरापर्यंत त्या फोनवर असायच्या, कमेंटना उत्तरं द्यायच्या, आणि विक्री मात्र हातातून निसटत होती.

मुंबईतल्या एका एजन्सीने त्याच सुमारास संपर्क केला होता. महिना अठरा हजार, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. त्यांचं म्हणणं असं की अकरा हजारांचे पन्नास हजार करू, मग ऑर्डर आपोआप येतील. दादा जवळजवळ तयार झाले होते. वहिनींनी मला फोन केला तो हा निर्णय घेण्याच्या आधी. त्यांचा प्रश्न मला अजून आठवतो: ‘‘हे अकरा हजार लोक आहेत तरी कोण?’’

मला वाटतं, छोट्या धंद्याने सोशल मीडियावर विचारायचा पहिला प्रश्न हाच, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

समोर असलेले पर्याय

चार वाटा होत्या. एजन्सीला काम द्यायचं, बक्षिसाच्या स्पर्धा आणि जाहिराती करून संख्या वाढवायची. किंवा खाण्यापिण्याच्या व्हिडिओंसाठी प्रसिद्ध असलेल्या एखाद्या इन्फ्लुएन्सरला बागेत बोलवायचं. किंवा इन्स्टाग्राम सोडून द्यायचं आणि सगळी ताकद व्हॉट्सॲपवर लावायची. काकांना हे पसंत होतं, कारण त्यांच्या मते ‘पैसे देणारं माणूस फोन करतं’. चौथी वाट म्हणजे काहीच नवं न करता आधी असलेले लोक समजून घ्यायचे.

स्पर्धेबद्दल मी स्पष्ट नको म्हणालो. ‘तीन मित्रांना टॅग करा, एक डझन जिंका’ या प्रकाराने येणारा माणूस फुकट आंब्यासाठी येतो आणि पुढे कधीच विकत घेत नाही. पुढच्या वर्षीच्या आकड्यांत तो फक्त धूळ बसवतो, खरं गिऱ्हाईक त्यात दिसेनासं होतं. इन्फ्लुएन्सरचा पर्याय पैशामुळे मागे पडला. इन्स्टाग्राम सोडण्याबद्दल मी म्हणालो, सोडायचं तर सोडू, पण का सोडतोय ते कळल्यावर सोडू.

पावसाळा सुरू झाला होता, बागेत काम कमी होतं, म्हणून चौथी वाट निवडणं सोपं गेलं. मार्चमध्ये हा विचार करायला कोणालाच फुरसत मिळाली नसती.

फॉलोअर कोण निघाले

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून झाली. खातं वैयक्तिक होतं, त्यामुळे इनसाइट्स दिसतच नव्हत्या. ते व्यावसायिक केलं आणि काही दिवसांत फॉलोअरांची शहरं, वयं, दिवसातली वेळ हे सगळं दिसू लागलं. मुंबई आणि पुणे वर होतं, हे अपेक्षित. पण त्याखाली रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, कुडाळ. वय बहुतेकांचं अठरा ते चौतीस, आणि पुरुष जास्त. वहिनींनी वही उघडली. वहीतली गिऱ्हाईकं बहुतांशी चाळिशीच्या पुढच्या बायका, पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांतल्या. म्हणजे रील बघणारा एक आणि आंबा विकत घेणारी दुसरी.

इनसाइट्स इथवरच नेतात. पुढचं काम हाताने करावं लागलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पडवीत बसलो, बाहेर धो धो पाऊस, आणि हंगामातले सगळे मेसेज आणि कमेंट वाचून काढले. एकूण ८७० निघाले. फक्त बदाम आणि हात जोडलेले सोडून दिले. प्रत्येक मेसेज वाचून वहिनी कागदावर काडी मारायच्या: भाव विचारला, पार्सल येतं का विचारलं, पिकवायचं कसं, खरा हापूस कसा ओळखायचा, कौतुक, गावची आठवण. दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गोष्टी समोर आल्या आणि त्यांनी सगळं चित्र बदललं.

पहिली अशी की १४० मेसेज दुसऱ्या बागायतदारांचे होते. झेला कुठे मिळतो, पाती कोणती, बांबू किती फुटी, तुडतुड्या किडीला काय फवारता, मोहोरासाठी कल्टार हे औषध देता का. झेल्याची रील बागायतदारांना आवडणारच. आणि ज्याच्या दारात कलमं आहेत तो आंबा विकत कशाला घेईल? खात्री करायला वहिनींनी स्टोरीत साधा पोल टाकला: आंबा विकत घेता, की घरचा किंवा गावचा येतो? ४१२ जणांनी उत्तर दिलं. विकत घेणारे १७१, घरचा किंवा गावचा येणारे २४१. उत्तर देणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक कधीच गिऱ्हाईक होणार नव्हते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ते प्रेमाने बघत होते.

दुसरी गोष्ट छोटी होती, ५५ मेसेजांची. पण माझ्या मते तीच सोन्याची. ‘आईला नंबर देतो, ती फोन करेल.’ ‘बायकोला पाठवलंय, भाव काय?’ ‘मम्मी विचारतेय ठाण्याला येतं का.’ पोरगं रील बघतं, आईला व्हॉट्सॲपवर पाठवतं, आणि आई फोन करते. आईचा फोन आला की वहिनी वहीत लिहायच्या ‘ओळखीतून’. म्हणजे साठ डझनांचा आकडाही पूर्ण खरा नव्हता. इन्स्टाग्राम त्याहून जास्त विकत होतं, पण किती ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण फोन करणारीला ‘कुठून कळलं’ असं कोणी विचारलंच नव्हतं.

भावाचे मेसेज सर्वांत जास्त, २१०. त्याखाली पार्सलचे १६५. या दोन्हींचं उत्तर वहिनी प्रत्येकाला वेगळं टाइप करत होत्या, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत माणसाने दुसरीकडून घेतलेलं असायचं.

जुनी गिऱ्हाईकं का गळली

हे कोडं वेगळं होतं आणि त्याचं उत्तर ऐकून दादा बराच वेळ गप्प बसले.

२०२२ मध्ये त्यांनी धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं, व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं. वहीतले सगळे नंबर त्यात घातले, ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना पाठवायच्या याद्या, केल्या (एका लिस्टमध्ये २५६ च नंबर बसत, म्हणून दोन). फेब्रुवारीत ‘हंगाम सुरू होतोय’ असा मेसेज पाठवला. पण ब्रॉडकास्टचा मेसेज समोरच्याने आपला नंबर सेव्ह केला असेल तरच पोचतो. गिऱ्हाईकांकडे सेव्ह होता काकांचा जुना नंबर. नवा नंबर बहुतेकांकडे नव्हता. दोन वर्षं हे लोक मेसेज पाठवत होते आणि बहुतेकांपर्यंत तो पोचतच नव्हता. घरात समज झाला होता की पुण्याची माणसं फिरली, कर्नाटकचा स्वस्त आंबा घेऊ लागली.

मला हा भाग सांगताना नेहमी वाईट वाटतं, कारण त्या बायकांनाही तसंच वाटलं होतं: देवगडचे ते लोक आता विचारत नाहीत.

काय केलं

जानेवारी २०२४ पासून वहिनींनी रोज संध्याकाळी दिवे लागल्यावर दहा-बारा फोन करायला सुरुवात केली. विकायला नव्हे, तसं ठरवूनच. ‘मोहोर आलाय, आंबा मार्चअखेर सुरू होईल, आमचा नंबर बदललाय तेवढा सेव्ह करून ठेवा.’ ३१० पैकी २६८ जणांशी बोलणं झालं. त्यातल्या १७० जणांकडे नवा नंबर नव्हता. काहींनी अर्धा अर्धा तास गप्पा मारल्या. एका काकूंनी सांगितलं, गेल्या वर्षी यजमान गेले, एकटीला डझन आंबे जास्त होतात, म्हणून घेतले नाहीत. त्यावरून सहा फळांचा खोका करावा असं निघालं. हे कुठल्याही इनसाइट्समध्ये दिसलं नसतं.

व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं वापरायला घेतली: ‘दरवर्षीचे’, ‘पहिल्यांदा’, ‘अक्षय्य तृतीया’, ‘मुलाने सांगितलं’. शेवटचं लेबल वहिनींनी स्वतः शोधलं. प्रत्येक नव्या फोनला पहिला प्रश्न ठरला: आमच्याबद्दल कुठून कळलं?

इन्स्टाग्रामवर भाव उघड लिहायचा का, यावर घरात चार दिवस वाद झाला. काकांचं म्हणणं रास्त होतं. हापूसचा भाव मार्चात एक, एप्रिलच्या शेवटी दुसरा, मेमध्ये तिसरा. लिहून ठेवला की गिऱ्हाईक जुन्या फोटोवर बोट ठेवतं. शिवाय गावातले बाकीचे बागायतदार आणि दलाल बघतात. वहिनी म्हणाल्या, ‘‘बाबा, २१० जणांनी भाव विचारला आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं.’’ शेवटी असं ठरलं: दर सोमवारी तारखेसकट भावाची स्टोरी, वजनाच्या प्रतवारीप्रमाणे, आणि ती हायलाइटमध्ये सर्वांत पुढे. खाली एक ओळ: ‘हा भाव येत्या रविवारपर्यंत.’ पार्सलचंही तसंच. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, कोल्हापूर, एवढीच शहरं लिहिली. नागपूर, हैदराबाद, बंगळूरला सरळ नाही म्हणायचं. २०२३ मध्ये एका कुरिअरवाल्याकडून नागपूरला पाठवलेले आठ डझन पाचव्या दिवशी पोचले होते, अर्धे काळे. ते पैसे परत केले होते, पण ती माणसं परत आली नाहीत.

पिकवण्याचा व्हिडिओ हा माझ्या मते वर्षभरातला सर्वांत चांगला. १२० जणांनी विचारलं होतं की आंबा कच्चा आला, आता काय करू. बऱ्याच जणांना वाटत होतं की फसवलं. काकांनी पडवीत आढी लावून दाखवली: पेंढा पसरा, फळं एकावर एक न रचता एका थरात ठेवा, वर पुन्हा पेंढा, पेंढा नसेल तर वर्तमानपत्र, रोज एकदा हात फिरवा, मऊ लागलेलं बाजूला काढा, हिरवं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. कार्बाईडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे आणि आम्ही ते वापरत नाही, म्हणूनच तुम्हाला हिरवं येतं, हेही सांगितलं. सगळं मालवणीत. मी सुचवलं होतं की प्रमाण मराठीत बोलावं, पुण्याच्या लोकांना कळेल. वहिनींनी ऐकलं नाही आणि त्यांचंच बरोबर निघालं. तो व्हिडिओ झेल्याच्या रीलच्या दहाव्या हिश्शाएवढाही पाहिला गेला नाही, पण घरातल्या घरात पुढे पाठवला गेला सर्वांत जास्त. एप्रिलमध्ये फोन करणाऱ्या बायका म्हणायच्या, ‘ते आजोबा दाखवतात ना, ते तुम्हीच का?’

प्रत्येक खोक्यात एक कार्ड घातलं. एका बाजूला पिकवायचं कसं, दुसऱ्या बाजूला ‘हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी मोहोर आला की कळवू.’

साक्याचा दिवस

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका रीलखाली एका गिऱ्हाईकाने कापलेल्या आंब्याचा उल्लेख करून लिहिलं, ‘बाहेरून सोनं, आतून कापूस. हेच का तुमचं देवगड?’ फोटो त्याने स्वतःच्या स्टोरीत टाकला होता, खात्याला टॅग करून. सालीजवळ सगळं केशरी, कोयीभोवती पांढुरका, स्पंजासारखा गर. साका.

दोन तासांत खाली तीस-चाळीस जणांनी ‘आमच्याकडेही’ असं लिहिलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी आंबा दुसरीकडूनच घेतला होता. दादांना कमेंट काढून टाकायची होती. हंगाम ऐन भरात होता, त्याच दिवशी पुण्याचा टेम्पो भरायचा होता. मी त्यांना काढू नका म्हणालो, पण खरं सांगायचं तर माझ्याकडे त्या क्षणी दुसरं काही सुचवायला नव्हतं. काका जेवत होते. त्यांना वाचून दाखवलं तर एवढंच म्हणाले, ‘‘खरा काय ता सांगून टाक. लपवूचा कित्याक?’’

वहिनींनी आधी त्या माणसाला फोन केला, कमेंटला उत्तर नंतर. फोनवर कळलं, सहापैकी दोन फळं तशी निघाली होती. मग खाली लिहिलं: दोन फळं साक्याची निघाली हे खरं आहे, बदली फळं पुढच्या टेम्पोने येतील. साका बाहेरून ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी कॅमेऱ्यासमोर पाटीतली आठ फळं कापली. सहावं साक्याचं निघालं. ते हातात धरून त्यांनी सांगितलं की हा रोग नाही, औषधाचा परिणाम नाही. उन्हाचा ताव, जमिनीतून येणारी गरमी, झाडावर जास्त तयार झालेलं फळ, यांनी आतला गर बिघडतो. म्हणून चौदा आणे (सोळातले चौदा हिस्से) तयार झाला की उतरवायचा, सकाळी लवकर उतरवायचा, उतरवल्यावर उन्हात ठेवायचा नाही, कलमाखाली गवताचं आच्छादन ठेवायचं. एवढं करूनही एखादा निघतोच. निघाला तर फोटो पाठवा, बदली देऊ.

त्या गिऱ्हाईकाने आपली कमेंट ठेवली आणि खाली लिहिलं, ‘फोन आला, बदली आंबे मिळाले.’ यानंतरच्या दहा दिवसांत ऑर्डर कमी झाल्या नाहीत.

पण हे गुळगुळीत पार पडलं असं कोणी समजू नये. बदलीच्या मागण्या चौदा आल्या, त्यात दोघांनी एकच फोटो पाठवला होता. त्या दोघांनाही फळं दिली, फोन करून वाद घालायला वेळ नव्हता. आणि गावात बोलणी बसली. शेजारचे दोन बागायतदार घरी येऊन म्हणाले, आपल्याच मालाची बदनामी कशाला करता, २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय यासाठी? काकांना हे फार लागलं. ते त्यांना उत्तर देत बसले नाहीत, पण पुढचे चार दिवस कॅमेऱ्यासमोरही आले नाहीत.

परिणाम

२०२४ च्या हंगामात थेट विक्री १,३५० डझनांची झाली. ‘कुठून कळलं’ या प्रश्नाला इन्स्टाग्राम किंवा ‘मुलाने दाखवलं’ असं उत्तर देणाऱ्यांचे २३० डझन. आधीच्या वर्षीचे साठ मोजणीतच कमी होते, त्यामुळे ही सगळी वाढ म्हणता येत नाही. जुन्या ३१० पैकी २०५ जणांनी आंबे घेतले, आणि खरी वाढ तिथली आहे. ती वाढ फोनने आणि सेव्ह केलेल्या नंबराने आणली.

फॉलोअर वर्षभरात ११,००० चे ११,४०० झाले. वहिनींचं रात्रीचं काम नऊला संपू लागलं, कारण भाव आणि पार्सलचे प्रश्न निम्म्यावर आले.

एक गोष्ट साफ फसली. फेब्रुवारीत स्टोरीत पोल टाकला होता: मार्चचा पहिला आंबा हवाय का? ९० जण हो म्हणाले. त्या भरवशावर पहिल्या तोडणीतले चाळीस डझन बाजूला ठेवले. पैसे भरले बावीस जणांनी, एक एक डझन. उरलेला माल वाशीला पाठवला तोपर्यंत चार दिवस गेले होते आणि भाव उतरला होता. पोलवर हो म्हणायला काही लागत नाही. आता थोडी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पहिली तोडणी कोणासाठी राखून ठेवत नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

नंबर बदलला त्याच दिवशी, जुन्या नंबरावरून सगळ्यांना एक मेसेज गेला असता तर दोन वर्षं वाचली असती. एवढी छोटी गोष्ट.

‘कुठून कळलं’ हा प्रश्न २०२१ पासूनच वहीत एका रकान्यात असायला हवा होता. तो नसल्याने एजन्सीला हो म्हणायचं की इन्स्टाग्राम बंद करायचं, हे दोन्ही निर्णय अंधारात घेतले गेले असते.

साक्याचा व्हिडिओ तक्रार येण्याआधी, मार्चमध्येच करायला हवा होता. तक्रारीनंतर सांगितलं की सारवासारव वाटते, आधी सांगितलं की माहिती. शिवाय शेजारच्या बागायतदारांना आधी विश्वासात घेतलं असतं तर कदाचित तो व्हिडिओ तिघांनी मिळून केला असता. काकांचं मन त्या प्रसंगात दुखावलं याची जबाबदारी मी माझ्याकडे घेतो. व्हिडिओ त्या दिवशीच टाकू अशी घाई माझी होती.

एका गोष्टीवर घरात अजून एकमत नाही. बागायतदार असलेले ते हजारो फॉलोअर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात यांचा माल संपला आणि साठेक डझनांच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या, त्याच वेळी फॉलोअरांपैकी कोणीतरी चांगला हापूस पडत्या भावाने दलालाला देत होता. वहिनींना वाटतं, ओळखीच्या तीन-चार बागायतदारांचा माल स्वतः बघून घ्यावा आणि त्यांच्या नावाने, त्यांच्याच नावाने, गिऱ्हाईकाला द्यावा. काकांचं म्हणणं, दुसऱ्याने कधी उतरवला, कसा पिकवला, ते मी कसं सांगू? गिऱ्हाईक माझं तोंड बघून घेतं. दादा मधल्या मधे आहेत. मला वहिनींची कल्पना पटते, पण काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. तूर्त ठरलंय ते इतकंच की पुढच्या हंगामात एकाच शेजाऱ्याचे वीस डझन, तोडणीला काका स्वतः उभे राहून, आणि खोक्यावर बाग कोणाची ते ठळक लिहून.

डिसेंबरात वहिनींनी ‘दरवर्षीचे’ या लेबलमधल्या सगळ्यांना मोहोराचा एक फोटो पाठवला. भाव नाही, ऑर्डरची विनंती नाही. पहिल्या तासात चोवीस उत्तरं आली. त्यातलं एक त्या एकट्या राहणाऱ्या काकूंचं होतं: ‘सहाचाच खोका. आणि आजोबांना नमस्कार सांगा.’